बिनखिडकीची खोली

४ जानेवारी, रविवार

नवीन वर्ष, नवीन वही. संकल्प: सोजू प्यायची ती फक्त शनिवारी. फोनवरचा मासेमारीचा गेम बंद. आणि यंदा आईची साठी आहे, तर सगळ्या घराने क्रूझवर जायचं. आई, बाबा, ताई, दादा, मी. बुसानहून निघायचं, जपानला जाऊन परत. कंपनी मी निवडणार.

मीच का, तर आमच्या घरात जहाजातलं कळतं कुणाला? दादा सेजोंगला सरकारी कचेरीत खुर्ची झिजवतो. ताई सुवॉनला दातांच्या दवाखान्यात लोकांना थांबा म्हणते. मी शाळा अर्धवट सोडली खरी, पण कोजेच्या गोदीत जहाजं बांधतो. म्हणजे रंग लावायच्या आधी पत्र्याचा गंज ग्राइंडरने घासतो. गंज घासल्याशिवाय कुठलंच जहाज होत नाही.

साठी हे निमित्त. खरं काम वेगळं. आई नोव्हेंबरपासून घरी राहत नाही. बाजारात तिच्या मैत्रिणीचं भाजी-लोणच्यांचं दुकान आहे, त्याच्या वरच्या खोलीत राहते. किमची घालायचे दिवस असतात, दुकानात हात कमी पडतात. ताई म्हणते आईने घर सोडलं. ताईला सगळंच मोठं करून सांगायची सवय आहे. किमचीचे दिवस यंदा जरा लांबलेत, एवढंच.

पण समजा थोडं बिनसलं असेल, तर जहाजासारखा इलाज नाही. बसमधून माणूस मधल्या स्टॉपवर उतरतो. जहाजातून कुठे उतरणार?

७ जानेवारी

काकाओवर ग्रुप केला. नाव ठेवलं ‘साठीची सफर’. तीन कंपन्यांचे फोटो टाकले. मेसेजशेजारी न वाचलेल्यांचा आकडा येतो, तो आधी चार होता. मग तीन. मग दोन. दुपारी एक. संध्याकाळी आकडा गेला. म्हणजे सगळ्यांनी वाचलं.

कुणी काहीच बोललं नाही. म्हणजे कुणाची हरकत नाही.

थंडी फार. बुधवार असूनही थोडी सोजू घेतली. औषध म्हणून.

११ जानेवारी, रविवार

तिन्ही कंपन्यांचा अभ्यास केला. नावं परदेशी, जिभेवर बसत नाहीत, म्हणून धुराड्याच्या रंगावरून ओळखतो.

पांढरं धुराडं: सगळ्यात मोठं. चार पोहण्याचे तलाव, घसरगुंडी. पण नांगराच्या भोकाखाली गंजाचे ओघळ. फोटो मोठा करून पाहिला, बाकीच्यांना दिसणार नाहीत.

पिवळं धुराडं: जुनं जहाज, वर नवा रंग. मला फसवू नका.

लाल धुराडं: मध्यम. रात्री गाण्याची स्पर्धा असते. आई गाते. बाबा गात नाहीत, पण ऐकायला कान आहेत. कल लालकडे.

शेरझोदला फोटो दाखवले. हा माझा खोलीतला जोडीदार, उझबेकिस्तानचा, वेल्डर. चार वर्षं आईला पाहिलेलं नाही त्याने. फोटो बघून म्हणाला, तुझे आईबाप वेगळे झाले हे त्यांना माहीत आहे, तुझ्या भावाबहिणीला माहीत आहे, मलासुद्धा माहीत आहे. आता जहाजाच्या कॅप्टनलाच काय ते सांगायचं राहिलंय. मी म्हणालो, तुला कोरियन माणसं कळत नाहीत. तो म्हणाला, ते खरं.

१८ जानेवारी, रविवार

खोल्यांचे तीन प्रकार असतात. गॅलरीवाली, खिडकीवाली, आणि आतली, बिनखिडकीची.

पुष्कळ विचार केला. गॅलरी दिली तर बाबा बाहेर उभे राहून सिगारेट ओढणार आणि आई आतून काच लावून घेणार. खिडकी दिली तर आई समुद्र बघत बसणार. बिनखिडकीच्या खोलीत बघायला काहीच नाही, एकमेकांच्या तोंडाशिवाय. आईबाबांना बिनखिडकीची. दोन पलंग जोडून मिळतात, तसं आधीच सांगून ठेवायचं.

एवढा विचार दादाने केला असता का? त्याने सरळ गॅलरी घेतली असती.

२५ जानेवारी

बाबांना फोन केला. हॅलो म्हटल्यावर बाबा बोलत नाहीत, नुसता श्वास ऐकू येतो. चौतीस वर्षं जेचन ते सोल बस चालवली. ड्रायव्हरशी बोलू नये अशी पाटी डोक्याच्या वर. ती सवय घरी आली.

मी सहलीचं सांगितलं. म्हणाले, चालवतं कोण? मी म्हणालो, कॅप्टन असतो. म्हणाले, किती वर्षं चालवतोय? मी म्हणालो, पुष्कळ. बाबा दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत बसत नाहीत. बसले तरी पाय सारखा ब्रेक दाबत राहतो.

मग बराच वेळ श्वास. मग विचारलं, तुझी आई येणार आहे का?

मी हो म्हणालो. अजून आईला विचारलं नव्हतं. विचारणारच होतो.

२६ जानेवारी

आईला विचारलं. ती मुळा चिरत होती, फोन स्पीकरवर. मागे दुकानातल्या बायका खिदळत होत्या. मी म्हणालो, बाबांनी स्वतःहून विचारलंय, तू येशील का म्हणून.

एक बाई मागून ओरडली, कोण गं, त्रिकाळ का?

रिटायर होऊन घरी बसलेला, तिन्हीत्रिकाळ गरम जेवण मागणारा नवरा म्हणजे त्रिकाळ. बाजारात सगळ्याच नवऱ्यांना म्हणतात, मनाला लावून घ्यायचं नसतं.

आई म्हणाली, जहाजावर तुझ्या बाबांना वाढणार कोण? मी म्हणालो, आई, तिथे बुफे. ज्याचं त्याने घ्यायचं. मुळा चिरायचा आवाज थांबला. म्हणाली, आणि भांडी? मी म्हणालो, त्यांची माणसं घासतात. म्हणाली, रोज? रोज. अंथरूण? तेही तेच घालतात. दुपारी झोपलं तर? झोपायचं, कोण विचारतंय.

आईने स्पीकर बंद करून फोन कानाला लावला. म्हणाली, नीट सांग, काय काय असतं. मी सगळं सांगितलं. तलाव, गाणी, डेकवरच्या खुर्च्या. आई इतकं मन लावून माझं कधीच ऐकत नाही. शाळेचं प्रगतिपुस्तक दाखवायचो तेव्हासुद्धा नाही.

आई तयार आहे. अर्धी लढाई जिंकली.

१७ फेब्रुवारी, मंगळवार. चांद्र नववर्ष

जेचनला घरी. आई आली नाही. गुडघे दुखतात तिचे. दुकान घरापासून दोन गल्ल्या, पण चढ आहे.

पितरांच्या पूजेचं ताट पहिल्यांदाच आईशिवाय. दादाला वाटलं बाबा यंदा नुसती फळं ठेवतील. बघतो तर सगळं साग्रसंगीत. मासे, पॅनकेक, फर्नच्या कोंबांची भाजी. बाबांनी फोन करून तयार मागवलं होतं, गरम डब्यातून आलं. एक घास खाल्ला आणि आम्हा तिघाही भावंडांना कळलं. आईच्या हातचं.

बाबांनी बाजारातल्या त्याच दुकानातून मागवलं होतं. दुसरं कुठलं त्यांना माहीत नाही.

ताई बाथरूममध्ये गेली ती बराच वेळ आलीच नाही. दादा म्हणाला, बापाने बायकोच्या हातचं पार्सल मागवून स्वतःच्या बापाला जेवू घातलं, असलं घर आपलं. मला मात्र हा शुभशकुन वाटला. पितरांच्या दृष्टीने काही बदललंच नाही.

सहलीचं बोलायचा विचार होता. वातावरण नव्हतं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

ताईचा फोन. आईबाबांनी काल कोर्टात काडीमोडाचा अर्ज केला. दोघांच्या संमतीने. दादाने गाडीतून नेलं. मला सांगितलं नाही, कारण म्हणे मी थयथयाट केला असता. शेवटचं हो-नाही सांगायला दोघांनी २४ मार्चला पुन्हा जायचं. मधला वेळ विचार करायला, सरकारी नियमच आहे.

ताई रडत होती. मी तिला समजावलं. सरकारला अक्कल आहे. सरकारलाही वाटतं ही माणसं परत एक होतील, नाहीतर वेळ कशाला देईल? आणि नेमकं त्याच वेळात माझं जहाज. आईचा वाढदिवस १२ मार्च. लाल धुराड्याचं जहाज १० मार्चला सुटतं. बिनखिडकीच्या खोलीत चार रात्री काढल्या की २४ तारखेला कोर्टात कोण जातंय.

ताईने माझं नाव घेऊन विचारलं, सांग-गू, तू पितोयस का? आज शनिवार आहे, असं मी सांगितलं.

२२ फेब्रुवारी

तारीख ग्रुपवर टाकली. आणि चक्क उत्तर आलं. आईचं.

लिहिलंय, १२ मार्चला कुणाचा वाढदिवस आहे?

मी तिच्या ओळखपत्राचा फोटो टाकला. त्यावर १२ मार्चच आहे. मग दादाचा फोन आला. म्हणाला, गाढवा, आईचा वाढदिवस तिथीने असतो. आजोबा नोंदवायला गेले आणि चांद्र तिथीच तारीख म्हणून सांगून आले, त्या पिढीत निम्म्यांचं असंच आहे. तिसऱ्या महिन्याची बारावी तिथी. यंदा २८ एप्रिलला येते. दर वर्षी शेवाळाचं सूप ओरपलंस ते काय थंडीत ओरपलंस?

सूप आठवतं. आईच करायची, स्वतःच्या वाढदिवसाचं. बाहेर ऊन असायचं हे खरं. पण सरकारी कागदावर विश्वास ठेवायचा नाही तर कशावर ठेवायचा?

मी म्हणालो, साठी आधी केली म्हणून काय बिघडतं? आईने ग्रुपवर लिहिलं, जायचं तर माझ्या खऱ्या वाढदिवसाला, नाहीतर नाही.

‘जायचं तर’ असं लिहिलंय. स्क्रीनशॉट काढून ठेवला.

आता सहल कोर्टानंतर. दादाला म्हणालो, कोर्टाची तारीख पुढे ढकलू. दादा म्हणाला, ती ताईच्या दवाखान्यातली दाढेची अपॉइंटमेंट नाही.

८ मार्च, रविवार

उपाय सापडला. कोर्टाच्या दिवशी दोघांपैकी एक आला नाही तर काम अडतं. बाबांना फोन केला. म्हणालो, त्या दिवशी पोट बिघडलं म्हणून सांगा. नुसतं पडून राहा.

श्वास.

मग म्हणाले, चौतीस वर्षांत मी एकही गाडी उशिरा सोडली नाही.

मी म्हणालो, बाबा, ही गाडी नाही. म्हणाले, वेळ दिली आहे ना? मग वेळ ती वेळ.

या वाक्यापायी आमच्या घराचं काय काय गेलंय ते मी इथे लिहीत नाही.

शेवटी त्यांनी विचारलं, ते जहाजाचं काय झालं? मी म्हणालो, चालू आहे. आई रोज विचारते. म्हणाले, रोज? मी म्हणालो, जवळजवळ.

२४ मार्च, मंगळवार

झालं. दादाने सांगितलं. बाबा कोर्ट उघडायच्या आधीच जाऊन दारात उभे होते, दाढी करून, कंपनीने रिटायर होताना दिलेला कोट घालून. आई वेळेवर आली. न्यायाधीशांनी विचारलं, दोघंही हो म्हणाले. कपातल्या नूडल्स शिजायला याहून जास्त वेळ लागतो, असं दादा म्हणाला. दादाला प्रत्येक गोष्टीत खायचं सुचतं.

बाहेर आल्यावर बाबा आईला म्हणाले, तुझी बस तीन नंबरच्या फलाटावरून सुटते. डाव्या बाजूला बस, उजवीकडे ऊन येतं.

दादा हे सांगताना हसला. मला हसू आलं नाही. ज्याला काही वाटत नाही तो उन्हाची बाजू सांगतो का? अजून धग आहे. शिवाय कोर्टाने हो म्हटलं तरी कचेरीत नोंदवावं लागतं. तीन महिन्यांत नोंदवलं नाही तर सगळं रद्द. आणि जहाज एप्रिलमध्ये. गणित जुळतंय.

२५ मार्च

आईने आज सकाळीच नोंदवून टाकलं.

घाईत केलेल्या गोष्टींचा माणसाला पश्चात्ताप होतो. जहाजावर विचार करायला भरपूर वेळ मिळेल.

मंगळवारपासूनच सोजू चालू. एप्रिलपासून पुन्हा संकल्प.

५ एप्रिल, रविवार

विचार करतोय की गोदी सोडावी. गंज घासण्यात भविष्य नाही. क्रूझमधलं मला एवढं कळायला लागलंय की यातच काहीतरी उघडावं. गोदीच्या आधी कोंबडीच्या दुकानात होतो, त्याच्या आधी पार्सल पोचवायचो, त्याच्या आधी काय करायचो ते ताईला पाठ आहे, ती अधूनमधून क्रमाने म्हणून दाखवते. पण त्या सगळ्यात मन नव्हतं.

शेरझोदला म्हणालो, तुझ्या आईला जहाजावर पाठवायचं असेल तर माझ्याकडे ये. तो म्हणाला, आमच्याकडे समुद्र नाही.

९ एप्रिल

आईने स्वतः फोन केला. आईने. स्वतः.

विचारलं, जहाज कुठल्या बाजूला कमी हलतं? मी म्हणालो, मधोमध, खालच्या मजल्यावर. हे मला गोदीत शिकायला मिळालं. मग विचारलं, रात्री जेवायला जाताना कपडे कसले घालतात? मी म्हणालो, एक बरा पोशाख घे. म्हणाली, लाल धुराड्याचंच घेतलं आम्ही, तू म्हणालास तेच. २६ ला निघायचं. सगळ्यांना तुझं नाव सांगितलं मी, म्हटलं माझ्या धाकट्याने निवडलंय. आयुष्यात एक काम धड केलंस बघ.

आम्ही म्हणजे तिच्या भिशीच्या बायका. आठ जणी. दर महिन्याला भिशी लावायच्या, ती या वर्षी जहाजावर मोडणार. खोल्या गॅलरीच्या घेतल्या आहेत.

हे जरा अनपेक्षित. पण गर्दीत बाबांना संकोच वाटणार नाही. भिशीच्या बायका गाण्याच्या स्पर्धेत गुंतल्या की आई मोकळी. ताई आणि दादाला सुट्टी नाही, त्यांनी कळवलंय. म्हणजे उरलो मी आणि बाबा. आमच्या दोघांचं मी बघतो.

१० एप्रिल

लाल धुराड्याच्या कंपनीला फोन केला. २६ च्या जहाजात एकही खोली नाही. बिनखिडकीचीसुद्धा नाही. मी म्हणालो, वेटिंगवर टाका. मुलगी म्हणाली, टाकते, पण आशा ठेवू नका. मी म्हणालो, मी स्वतः जहाजं बांधतो. ती म्हणाली, आभारी आहोत.

ऐनवेळी कुणीतरी गळतंच. आठ म्हाताऱ्यांतलीच एखादी. देव करो आणि तसं न होवो, पण समजा.

१२ एप्रिल, रविवार

बाबांना सांगितलं, २६ ला दुपारी बुसानला या, क्रूझ टर्मिनलवर. बॅग घेऊन.

म्हणाले, तिला माहीत आहे? मी म्हणालो, तिनेच तर जहाज पक्कं केलं.

यात खोटं एक अक्षर नाही.

म्हणाले, सगळं झाल्यावर कशी काय येते? मी म्हणालो, बाबा, कागद वेगळा, माणसं वेगळी. मला वाटतं त्यांना ते पटलं. कारण त्यांनी विचारलं, तिकडे थंडी असते का?

२० एप्रिल

फोरमनकडे सुट्टी मागितली. म्हणाला, सफरीला? तुझ्या वाटचा गंज कोण घासणार, माझा बाप? मी म्हणालो, घरचं काम आहे, आईबापाचं. तोंड बघून बहुतेक त्याला मयत वाटली. लगेच दिली.

वेटिंगचं अजून काही नाही.

२४ एप्रिल

काही नाही. ताईला सांगितलं की बाबांना बोलावलंय. ताई ओरडली नाही. हे वाईट. म्हणाली, आत्ताच्या आत्ता त्यांना फोन करून सांग नको म्हणून. मी हो म्हणालो. बाबांना फोन लावला. त्यांनी पहिल्याच रिंगला उचलला. म्हणाले, चाकांची बॅग घेतली, नवीन.

मी म्हणालो, बरं झालं.

२६ एप्रिल, रविवार

बुसान. सकाळी कंपनीला विचारलं. एकही रद्द नाही.

बाबा माझ्याआधी पोचले होते. टर्मिनलच्या दारापाशी, बॅग पायाशी, नवं निळं जॅकेट. घडीच्या रेघा अजून तशाच. केस कापून आले होते. मला म्हणाले, धुराडं लालच आहे. बघितलं मी.

सांगणारच होतो. त्यांना आधी बसवावं, पाणी द्यावं, मग सांगावं. तेवढ्यात एक छोटी बस आली आणि त्यातून आठ बायका उतरल्या, आठही जणींच्या डोक्यावर सारख्याच जांभळ्या टोप्या. आई सगळ्यात शेवटी. हसत होती. मला वाटतं आई इतकी जोरात हसते हे मला ठाऊक नव्हतं.

तिने आधी मला पाहिलं, मग बाबांना, मग बॅगेला. हसू थांबलं. मागची बाई म्हणाली, अगं बाई, हा इथे पण जेवायला आला की काय? आईने तिला गप्प केलं.

आई बाबांना म्हणाली, तुम्ही इथे कसे?

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. बॅगेचा दांडा खाली ढकलून आत घातला आणि म्हणाले, पोराकडे चाललोय कोजेला, थोडे दिवस. वाटेत उतरलो, म्हटलं जहाज बघून जावं.

आई म्हणाली, बरं. मग जरा वेळाने म्हणाली, मोठं आहे ना? बाबा म्हणाले, मोठं आहे. माझ्याकडे वळून आई म्हणाली, यांना जेवायला घाल आधी. आणि रांगेत गेली. जांभळ्या टोप्यांत कुठली तिची ते पुढे कळेना.

जहाज सुटेपर्यंत बाबा उभे राहिले. वेळेवर सुटलं, एवढं म्हणाले.

मग डुकराच्या सुपाच्या एका दुकानात बसलो. बॅग आत मावेना, दारात ठेवली, येणारे जाणारे अडखळत होते. मी म्हणालो, बाबा, वेटिंगवर होतं, अगदी शेवटपर्यंत. त्यांनी सुपात भात घातला, पण खाल्ला नाही. चमचा धरून बसले.

मग म्हणाले, तिला सकाळी पाव चालत नाही. घशाशी येतं. भात लागतो, थोडा का होईना. जहाजावर सकाळी भात देतात का?

तिन्ही कंपन्यांचे तलाव मला पाठ आहेत. घसरगुंड्या, गाण्याच्या स्पर्धा, कुठल्या मजल्यावर किती खोल्या. हे कुठेच बघितलं नव्हतं.

देतात, म्हणालो.

बाबा म्हणाले, मग ठीक आहे. आणि जेवायला लागले.